सत्तेचाळीसवर ठेवा

एकशे चाळीस पानं वाचून झाली तरी लाल पेन्सिलीला एकदाही टोक करावं लागलं नव्हतं, आणि लिटमसबाईंना ही गोष्ट मुळीच आवडली नाही.

लिटमसबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सगळी नोकरी पाणी तपासण्याच्या सरकारी प्रयोगशाळेत काढलेली ही बाई निवृत्त झाल्यावरही कुणावर म्हणून विश्वास ठेवत नाही, हे बघून गल्लीनं ते नाव बहाल केलं होतं. दूधवाल्यादेखत त्या दुधाचा थेंब नखावर घेऊन तो कसा ओघळतो ते बघत. दुरुस्त होऊन आलेलं घड्याळ दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाशी पाच मिनिटं ताडून घेत, आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडेही तिरक्या नजरेनं बघत बाहेर पडत. घरात एक भाची होती, शाळेत विज्ञान शिकवणारी. ती म्हणायची, "मावशी, एक दिवस तू आरशालाही पुरावा मागशील."

अशा स्वभावाला साजेसं काम मिळायलाही नशीब लागतं. ते बाईंना मिळालं. शहरातला एक प्रकाशक रहस्यकथांची जाडजूड पुस्तकं काढायचा आणि ती हातोहात खपायची. पण वाचक आताशा शहाणे झाले होते. नाकाला रुमाल लावल्याबरोबर माणूस दोन सेकंदांत आडवा कसा पडतो, अमावास्येला चांदण्यात खुन्याचा चेहरा कसा दिसतो, असे प्रश्न विचारणारी पत्रं येऊ लागली होती. म्हणून प्रकाशकानं दोन तपासनीस नेमले. क्रमांक एक म्हणजे एक निवृत्त फौजदार. ते पोलीस आणि कोर्टकचेरी बघत. क्रमांक दोन म्हणजे लिटमसबाई. त्या विज्ञान बघत.

प्रकाशकाचा एक नियम होता. लेखकाचं नाव तपासनीसाला कळू द्यायचं नाही आणि तपासनीसाचं लेखकाला. "नाव कळलं की माणूस भिडेखातर चुका सोडतो," असं तो म्हणे. तपासनीसानं आपली शंका समासात लाल पेन्सिलीनं लिहायची, लेखकानं तिच्याखाली निळ्या शाईनं उत्तर द्यायचं, आणि गठ्ठा प्रकाशकाच्या टेबलावरून ये-जा करत राहायचा. प्रत्येक लाल प्रश्नाखाली निळं उत्तर आणि प्रत्येक निळ्या प्रश्नाखाली लाल उत्तर असल्याशिवाय पुस्तक छापायला जात नसे. बाईंचा प्रश्न बहुतेक वेळा एकाच शब्दाचा असे: कशावरून?

आता हा नवा गठ्ठा. कादंबरी एका लहानशा पाणी-तपासणी प्रयोगशाळेतच घडत होती. एका वसतिगृहाचं पाणी 'पिण्यास योग्य' असा शेरा देऊन सोडलं जातं, ते पिऊन माणसं मरतात, आणि नायिका, म्हणजे तिथली मदतनीस मुलगी, ते कसं झालं याचा शोध घेते. बाईंनी हात चोळतच वाचायला घेतली होती. आपल्याच धंद्याची गोष्ट, म्हणजे चुकांचा नुसता सडा पडलेला असणार. पण पाणी कसं गाळतात ते बरोबर. पाणी गाळलेल्या कागदाची चकती पोषक लगद्यावर ठेवून चोवीस तास उबवतात ते बरोबर. मैलापाण्याचे जिवाणू असले तर चकतीवर निळे ठिपके उमटतात, तेही बरोबर. बाटलीचं बूच उघडण्याआधी नळाचं तोंड जाळून घेतात ही गोष्ट तर प्रयोगशाळेतल्या निम्म्या लोकांच्या लक्षात राहत नाही. इथं नायिकेच्या राहिली होती.

'जिथं एकही चूक नाही, तो पेपर कॉपी केलेला,' असं बाईंचं जुनं मत होतं. कुठून उतरवलं असेल, याचा विचार करत त्यांनी पान उलटलं, आणि एकशे एकेचाळिसाव्या पानावर त्यांना चूक सापडली.

'तिनं पेटीचं बटण सत्तेचाळीसवर ठेवलं आणि दार लावून घेतलं.'

पेटी म्हणजे उबवणीची पेटी, इनक्युबेटर. या तपासणीत पेटीचं तापमान साडेचव्वेचाळीस अंश असावं लागतं. सत्तेचाळीस नव्हे. सत्तेचाळीसला ते जिवाणू तग धरत नाहीत, ठिपका उमटत नाही, आणि घाण पाणी स्वच्छ ठरतं. बाईंची पेन्सिल कागदाला टेकली आणि तिथंच थांबली. कारण जगात अशी एकच प्रयोगशाळा होती, जिथं सत्तेचाळीसवर ठेवणं हीच बरोबर रीत होती. बाईंची.

त्यांच्या पेटीचं बटण अडीच अंशांनी खोटं बोलायचं. बटण सत्तेचाळीसवर नेलं की आत साडेचव्वेचाळीस. आतला तापमापक फुटलेला, नव्याची मागणी दोन वर्षं वरच्या कचेरीत पडून. मग महिन्यातून एकदा शेजारच्या विभागाकडून तापमापक उसना आणून खात्री करायची, आणि बाकी दिवस दारावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर भिस्त ठेवायची. 'सत्तेचाळीसवर ठेवा.' चिठ्ठी बाईंच्याच हस्ताक्षरात होती.

त्यांनी भराभर मागची पानं चाळली. नायिका नमुन्याच्या बाटल्यांना टोपणनावं देत होती. जुन्या विहिरीची बाटली 'थोरली', वसतिगृहाची 'शाळकरी'. मघाशी वाचताना बाईंना ते लेखकाचं लाडिकपण वाटलं होतं. आता त्यांनी ती नावं पुन्हा एकदा वाचली. बाटल्यांना अशी नावं देणारी मुलगी त्यांनी आयुष्यात एकच बघितली होती, त्यांच्या हाताखालची मदतनीस. सगळे तिला धाकटी म्हणत, आणि ती बाईंना ताई म्हणायची.

आणि धाकटीची गोष्ट आठवायची, तर त्या शनिवारपासून सुरुवात करावी लागते. तो शनिवार बाईंनी एकोणीस वर्षं कुलपात ठेवला होता.

त्या दुपारी प्रयोगशाळेत त्या एकट्याच होत्या. बहिणीचं, म्हणजे या भाचीच्या आईचं, ऑपरेशन ठरलं होतं आणि प्रयोगशाळेतूनच परस्पर गाडी गाठायची होती. फ्रीज दुरुस्त करायला आलेल्या मिस्त्रीनं जाता जाता पेटीचं बटणही सरळ करून दिलं. "अडीच अंशांची तर गोष्ट, बाई, एका स्क्रूचं काम," म्हणाला. बाईंनी घड्याळ बघितलं, पिशवी उचलली आणि पळाल्या. चिठ्ठी दारावर तशीच राहिली. सोमवारी धाकटीनं चिठ्ठीबरहुकूम सत्तेचाळीसवर ठेवलं, आणि आता सत्तेचाळीस म्हणजे खरोखरचे सत्तेचाळीस होते. मंगळवारी वसतिगृहाला शेरा गेला: पिण्यास योग्य. गुरुवारी बाई परत आल्या तेव्हा एकतीस मुली पोट धरून दवाखान्यात होत्या. नशिबानं सगळ्या वाचल्या.

बाईंनी तापमापक उसना आणला, पेटीत ठेवला, आणि दहा मिनिटांत त्यांना सगळं कळलं. पुढच्या पाच मिनिटांत त्यांनी जे केलं ते मात्र त्यांनाही कधी नीट कळलं नाही. त्यांनी दार लावून घेतलं, बटणाचा स्क्रू सैल केला, ते पुन्हा अडीच अंश वाकडं बसवलं आणि स्क्रू पिळला. चिठ्ठी पुन्हा खरी झाली. चौकशी समितीला पेटी निर्दोष आढळली. मग राहिली धाकटी. तिनं बाटल्यांची अदलाबदल केली असणार, असं तिघा सभ्य गृहस्थांनी ठरवलं. बाईंचं मत विचारलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे, पण धांदरट." वड्याचं तेल वांग्यावर निघालं. धाकटीची नोकरी गेली, ती शहर सोडून गेली, आणि बाई यथावकाश प्रमुख झाल्या.

तेव्हापासूनच त्या दूध नखावर घेऊन बघायला लागल्या होत्या. पण हे गल्लीला कुठून माहीत असणार?

चोराच्या मनात चांदणं. बाईंना आता कादंबरीतली प्रत्येक ओळ आपल्यावर नेम धरून लिहिल्यासारखी वाटू लागली. धाकटीला कळलंय का? मिस्त्री भेटला असेल का तिला? आणि प्रकाशकानं हा गठ्ठा आपल्यालाच का द्यावा? त्यांनी एकशे एकेचाळिसाव्या पानाच्या समासात, अक्षर मुद्दाम वेगळं काढून, नेहमीचा शब्द लिहिला: कशावरून?

गठ्ठा परत द्यायला गेल्या तेव्हा त्या प्रकाशकाचा चेहरा न्याहाळत बसल्या. प्रकाशक कानामागची पेन्सिल टेबलावरच्या कागदांत शोधत होता.

"कानामागं आहे," बाई म्हणाल्या. "ही कादंबरी कुणी नवीन माणसानं लिहिलेली दिसते."

"असेल."

"बाई की बुवा?"

"नियम म्हणजे नियम," प्रकाशक हसला. "तुम्ही कधी विचारत नाही. आज कसं काय?"

"चुका सापडत नाहीत म्हणून विचारलं."

"मग चांगलंच आहे की."

चांगलं आहे म्हणे. हा माणूस ताकास तूर लागू देत नाही, याचा अर्थ नक्की कुठंतरी पाणी मुरतंय. बाई जिना उतरून रस्त्यावर आल्या आणि पलीकडच्या फुटपाथवरून वर बघत उभ्या राहिल्या. प्रकाशक खिडकीत आला, त्यानं फोन लावला. आपल्याबद्दलच बोलत असणार. खरं तर तो कागदवाल्याशी भांडत होता, आणि त्याचा आवाज फुटपाथपर्यंत येत होता, पण बाईंनी कागदवाल्यावरही विश्वास ठेवला नाही.

आठ दिवसांनी गठ्ठा उत्तर घेऊन आला. निळ्या शाईत लिहिलं होतं: 'त्या प्रयोगशाळेत पेटी अडीच अंशांनी खोटं बोलायची. दारावर तशी चिठ्ठी होती. खुलासा पुढच्या खर्ड्यात घालते.' घालते. म्हणजे बाईच. बाईंनी अक्षराकडे बघितलं. 'ळ'चा डावा गोळा मोठा आणि उजवा लहान. नमुन्यांच्या नोंदवहीत त्यांनी तो हजारदा बघितला होता.

सोबत कादंबरीचा दुसरा भाग होता. बाईंनी तो स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्याउभ्याच वाचला. त्यांना एकच बघायचं होतं: त्यात आपण कोण आहोत. आणि त्या होत्या. प्रयोगशाळेची प्रमुख, 'मोठी' नावानं. बाईंना वाटलं, आता हिचं पितळ उघडं पडणार. इतक्या गोड बाईला लेखिका शेवटपर्यंत गोड ठेवतच नसते, हे रहस्यकथा तपासून तपासून त्यांना पाठ झालं होतं. पण मोठी गोडच राहिली. मोठी आपल्या डब्यातलं अर्धं काढून मुलीला द्यायची. मोठीनं तिला चकती चिमट्यानं कशी धरायची ते हाताला हात लावून शिकवलं. चौकशीत मोठी म्हणाली, 'मुलगी हुशार आहे, पण धांदरट,' आणि लेखिकेनं पुढं लिहिलं होतं: 'ती तरी काय करणार? खरं बोलायची सवय होती तिला.'

बाईंनी पानं ओट्यावर ठेवली आणि गॅस बंद केला. त्यावर काहीही ठेवलेलं नव्हतं.

दुसऱ्या भागात आणखी एक गोष्ट होती. सोमवार ते बुधवार, तीन दिवसांत नऊ चकत्या, आणि एकीवरही ठिपका नाही. थोरलीवरसुद्धा नाही. जुन्या विहिरीच्या पाण्यावर दोन-तीन ठिपके कायम असायचेच. म्हणून नायिका खूश होऊन म्हणते, 'थोरली सुधारली की.' बाईंनी हे वाचलं आणि नऊही चकत्या बोटांवर मोजल्या. त्या तीन दिवसांत त्या रजेवर होत्या. सगळ्या चकत्या कोऱ्या निघाल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बाटल्यांची अदलाबदल झाली असती तर फार तर दोन चकत्या चुकल्या असत्या. नऊच्या नऊ कोऱ्या निघाल्या, म्हणजे दोष पेटीचा. पुरावा पानावर डोळ्यांसमोर पडला होता, आणि लिहिणारीला तो दिसला नव्हता.

पुस्तक छापलं तर हजार वाचकांतल्या एकाला तरी दिसेल. चुका काढून पत्रं पाठवणारा कुणीतरी असतोच.

बाईंनी पेन्सिलीला टोक केलं आणि समासात लिहिलं: 'शास्त्रदृष्ट्या असंभव. जुन्या विहिरीच्या पाण्यावर ठिपका येणारच. पूर्ण परिच्छेद वगळावा.' लिहिताना हात जराही कापला नाही, याचं त्यांना नंतर फार वाईट वाटलं. एकदा त्यांनी स्क्रू पिळला होता, हा दुसऱ्यांदा.

उत्तर चार दिवसांतच आलं. 'वगळणार नाही. असंच घडलं होतं. ते तीन दिवस मी रोज आठवते.'

संशयी माणसाला एक सोय असते: समोरच्याच्या मनात काय आहे याचा विचार करताना स्वतःच्या मनाकडे बघावं लागत नाही. बाईंनी ती सोय आणखी काही दिवस वापरली. धाकटीला सगळं ठाऊक आहे, ती मुद्दाम मोठीला गोड रंगवतेय, शेवटच्या प्रकरणात घाव घालणार, अशी त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली. सुतावरून स्वर्ग गाठला. एवढंच नव्हे, तर घाव बसला तर काय म्हणायचं, तेही तयार ठेवलं. कानावर हात ठेवायचे. मिस्त्री? कोण मिस्त्री? कादंबरीच आहे ती शेवटी.

मग तिसरा भाग आला. पानं फारच थोडी होती.

"शेवट कुठाय?" बाईंनी विचारलं.

"जमत नाहीये तिला," प्रकाशक म्हणाला आणि बोलून गेल्यावर जीभ चावली. "म्हणजे, लेखकाला. तीन शेवट लिहून फाडले म्हणे. कुणीतरी मुद्दाम बाटल्या बदलल्या असं दाखवलं की पटत नाही, आणि नायिकेच्या हातूनच चूक झाली असं लिहिलं की पुढं लिहवत नाही. शेवटच्या पानावर तुमच्यासाठी प्रश्न आहे. तुमच्यावर फार भिस्त आहे हो. म्हणाले, क्रमांक दोन कुणीही असोत, काम जाणणारे दिसतात."

घरी येऊन बाईंनी शेवटचं पान उघडलं. छापील मजकूर अर्ध्यावर थांबला होता आणि खाली निळी शाई होती.

'क्रमांक दोन यांस. तुम्ही या कामातले जाणकार आहात, म्हणून विचारते. बाटल्या बदलल्या नसतील, तर असा निकाल आणखी कशानं येऊ शकतो? एकोणीस वर्षं विचार करतेय. मी बाटल्या बदलल्याचं मला आठवत नाही, पण मीच बदलल्या असणार, कारण दुसरं काही उरतच नाही. आजही घरात मी दोन सारख्या बाटल्या ठेवत नाही. मुलांना औषध मी देत नाही, त्यांचे बाबा देतात. दुसरं काही कारण असू शकेल का, एवढंच सांगा. नसेल तर तसं लिहा, म्हणजे मी शेवट करून टाकते.'

बाईंनी ते एकदा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. त्यात नेम नव्हता, डाव नव्हता, सापळा नव्हता. एवढे दिवस त्या एका अशा बाईपासून जीव मुठीत धरून पळत होत्या, जिनं त्यांच्यावर कधी संशयच घेतला नव्हता.

तरीही त्यांनी पेन्सिल उचलली आणि लिहिलं: 'बाटल्यांची अदलाबदल हीच एकमेव शक्यता.' एक ओळ पुरे होती. पुस्तक छापलं जाईल, शनिवार कुलपात राहील, आणि बाईंचं नाव जसं आहे तसं स्वच्छ राहील.

भाची शाळेतून आली ती थेट स्वयंपाकघरात. पाण्याचा पेला घेऊन ती टेबलाशी टेकली आणि सवयीनं पान वाचू लागली. बाई पान झाकायला विसरल्या.

"हे काय लिहिलंस?" भाची म्हणाली. "एकमेव कशी? नऊच्या नऊ चकत्या कोऱ्या आल्या म्हणून तूच मागच्या भागात खूण केली होतीस ना? मग पेटीच जास्त तापली असणार. माझी नववीची मुलंसुद्धा सांगतील."

"पेटी चौकशीत बरोबर निघाली."

"मग चौकशीआधी कुणीतरी हात लावला असेल." भाचीनं पेला विसळून पालथा घातला. "पण मला एक कळत नाही. एवढी हुशार बाई, एवढं बारीक लिहितेय, तिला हे कसं सुचलं नाही?"

"दारावर चिठ्ठी होती," बाई म्हणाल्या. "तिचा चिठ्ठीवर विश्वास होता."

"चिठ्ठीवर एवढा विश्वास?"

"चिठ्ठीवर नव्हे. लिहिणारीवर."

भाचीनं मावशीकडे बघितलं, मग पानाकडे, मग पुन्हा मावशीकडे. शिक्षिकेची नजर होती ती, पेपर बघून मुलाकडे बघावं तशी. "मावशी," ती हळूच म्हणाली, "ही लिटमसबाई कधीपासून झालीस तू? आई म्हणते, तिच्या ऑपरेशनच्या आधी तू अशी नव्हतीस."

भाचीनं उत्तराची वाट बघितली नाही; ती ओल्या हातांनीच आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. आपल्या वर्गाला मावशीचं उदाहरण देणारी मुलगी होती ती. आता उद्या ती वर्गात काय सांगेल, हे बाईंच्या मनात आलं आणि त्यांना रडू फुटलं. रडतारडताच त्यांनी खोडरबर शोधला.

लाल पेन्सिल पूर्ण खोडली जात नाही. कागदावर गुलाबी डाग राहिला. त्या डागावरच त्यांनी लिहायला घेतलं, आणि या वेळी अक्षर वेगळं काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाशकानं बाईंच्या समोरच पान वाचायला घेतलं. तो मोठ्यानं वाचायचा. ती त्याची खोडच होती.

"'बाटल्या बदलल्या नव्हत्या. शनिवारी दुपारी मिस्त्रीनं पेटीचं बटण सरळ केलं होतं. दारावरची चिठ्ठी काढायची राहिली. सोमवारी तू चिठ्ठीत लिहिलं होतं तसंच केलंस. गुरुवारी मला सगळं कळलं. मी स्क्रू सैल करून बटण पुन्हा वाकडं बसवलं आणि चौकशीला सामोरी गेले. तू धांदरट नव्हतीस. माझ्या हाताखाली तुझ्याइतकी नेटकी मुलगी दुसरी आली नाही. मुलांना औषध तूच देत जा.'" प्रकाशक खुर्चीत मागं रेलला. "वा. मोठीच्याच तोंडून. हा शेवट कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. पण बाई, पटेल का हो वाचकांना? एवढी जबाबदार, एवढी शिकलेली बाई, स्वतःच्या हातानं असं करेल?"

"करते," बाई म्हणाल्या.

"कशावरून?"

आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न आज त्यांच्यासमोर येऊन उभा होता. बाईंनी पान त्याच्याकडे जरा सरकवलं आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं क्रमांक दोन लिहिलेलं नव्हतं. 'ताई' लिहिलं होतं, आणि खाली घरचा पत्ता.

प्रकाशकानं ते वाचलं. मग पहिल्या ओळीपासून सगळं पुन्हा वाचलं, या वेळी मनातल्या मनात. वाचता वाचता त्यानं कानामागची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली.

"हे असंच पाठवू?" त्यानं विचारलं.

"असंच. आजच्या आज पाठवा," बाई म्हणाल्या. "तिचं जे उत्तर येईल त्याला मी कशावरून म्हणून विचारणार नाही."